सॅक, रकसॅक की हॅवरसॅक?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं. पावसाळी भटकंतीच्या तोंडावर पाठीवरच्या पिशवीबद्दल बरीच पत्रं आली. त्यातली पाच इथे घेतली आहेत.

प्रश्न (ठाणे): ट्रेकला नेतो त्या मोठ्या पिशवीला आमच्या ग्रुपमध्ये सगळे नुसतं ‘सॅक’ म्हणतात. दुकानदार ‘हॅवरसॅक’ म्हणतो. लेबलवर ‘रकसॅक’ छापलेलं असतं. इंग्रजी गोष्टींत ‘नॅपसॅक’ भेटते. या सगळ्या एकच का? आणि हे शब्द आले कुठून?

उत्तर: तुम्ही घेतलीत ती रकसॅक. बाकीची दोन नावं मुळात वेगळ्या पिशव्यांची आहेत. दुकानदार चुकत नाही, कारण आपल्याकडे आता मोठ्या सॅकला सर्रास हॅवरसॅक म्हणतात. पण शब्दाचं मूळ पाहिलं तर हॅवरसॅक पाठीवरची नव्हतीच.

आधी रकसॅक. शब्द जर्मन आहे, तिकडचा उच्चार साधारण ‘रुक्झाक’. पहिला भाग पाठ, दुसरा पिशवी. आता प्रमाण जर्मनमध्ये पाठीला जो शब्द आहे त्यातला ‘उ’ ओठांचा चंबू करून म्हणावा लागतो, ‘र्‍यूकन’ असा. मग पिशवीच्या नावात सरळ ‘रुक’ कसं? कारण हे नाव प्रमाण भाषेतलं नाही, आल्प्सच्या बोलीतलं आहे. बव्हेरिया, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड या डोंगराळ दक्षिण पट्ट्यात अशा शब्दांतला ‘उ’ साधाच राहिला. इन्सब्रुक शहराचं नाव बघा. इन नदीवरचा पूल म्हणून इन्सब्रुक. प्रमाण जर्मनमध्ये पूल म्हणजे ‘ब्र्यूके’, पण तिथल्या बोलीत तो ‘ब्रुक’ झाला आणि शहराच्या नावात तसाच राहिला. म्हणजे रकसॅक या शब्दाचं गाव त्याच्या उच्चारातच सापडतं.

इंग्रजीत तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात आला. तेव्हा इंग्रज गिर्यारोहक आल्प्सची शिखरं एकेक करून चढत होते. लंडनचा अल्पाइन क्लब १८५७ चा आणि मॅटरहॉर्नची पहिली चढाई १८६५ ची. स्थानिक वाटाडे पाठीवर जे वागवायचे त्याचं नाव पाहुण्यांनी जसंच्या तसं उचललं. पुढे ते रशियनमध्ये ‘र्युक्झाक’ झालं आणि जपानीत ‘र्युक्कुसाक्कु’. जपान्यांनी ते तोडून नुसतं ‘र्युक्कु’ केलं, आपण ‘सॅक’ केलं. म्हणजे शब्दातली पाठ त्यांच्या वाट्याला गेली आणि पिशवी आपल्या.

या ‘रुक’चा एक नातेवाईक तुम्ही ट्रेकवर रोज वापरता. इंग्रजी ‘रिज’, म्हणजे आपली डोंगराची धार, हा शब्द त्याच मुळाचा. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ पाठ असाच होता.

‘सॅक’ मात्र फार जुना आहे. इंग्रजीत तो लॅटिन ‘साक्कुस’वरून आला, लॅटिनमध्ये ग्रीक ‘साक्कोस’वरून आणि ग्रीकांनी तो पश्चिम आशियातल्या सेमिटिक भाषांकडून घेतला. हिब्रूत ‘सक’ म्हणजे जाडंभरडं कापड आणि त्याचीच गोणी. बायबलमध्ये योसेफाचे भाऊ इजिप्तमधून धान्य भरून नेतात त्या गोण्यांना हाच शब्द आहे. व्यापाऱ्यांबरोबर तो भूमध्य समुद्राभोवती फिरला, कारण माल जिथे जाईल तिथे गोणी जायचीच. आपली ‘गोणी’ही अशीच फिरली. पाणिनीच्या अष्टाध्यायीत हा शब्द पोत्याच्या अर्थाने आहे आणि इंग्रजीतला ‘गनी बॅग’मधला ‘गनी’ आपल्याकडूनच गेला.

आता हॅवरसॅक. जर्मनमध्ये ‘हाफर’ किंवा बोलीत ‘हाबर’ म्हणजे ओट, घोड्याचं खाणं. घोडदळाचे शिपाई घोड्याची चंदी ज्या पिशवीत ठेवायचे ती हाबरसॅक. फ्रेंचांनी तिचं ‘आव्रसाक’ केलं आणि अठराव्या शतकात ती इंग्रजीत हॅवरसॅक म्हणून उतरली. तोवर चंदीची जागा शिपायाच्या स्वतःच्या भाकरतुकड्याने घेतली होती. ती एका पट्ट्याने खांद्यावरून तिरपी लटकवून कमरेपाशी यायची. पाठीवर असायची ती नॅपसॅक, कपड्यालत्त्यांची. हे नाव डच किंवा उत्तर जर्मन ‘क्नापझाक’वरून आलं. ‘क्नापन’ म्हणजे चावणं, खाणं. तेव्हा मुळात नॅपसॅक ही आपल्या भाषेत शिदोरीची पिशवी. म्हणजे पाठीचं नाव एकट्या रकसॅकला मिळालं, उरलेली दोन्ही नावं खाण्यावरून पडली.

मग खांद्यावरची हॅवरसॅक आपल्याकडे पाठीवर कशी गेली? ब्रिटिश फौजेचा १९३७ चा जो कॅनव्हास पट्ट्यांचा संच होता, त्यातली हॅवरसॅक दोन पट्ट्यांनी पाठीवर लावायची असायची. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्यानेही तोच संच वापरला. इथे हे नाव मोठ्या पाठपिशवीला चिकटायचं आम्हाला सर्वांत पटणारं कारण हेच. फौजेत स्वतःचा शब्दही आहे, ‘पिट्ठू’, पीठ म्हणजे पाठ यावरून. बॅकपॅक हा शब्द अमेरिकेचा आणि विसाव्या शतकातला. तो कॉलेजच्या बॅगेपासून हिमालयाच्या सॅकपर्यंत सगळ्याला चालतो, म्हणून दुकानात तो वापरलात तर आधी किती लिटरची ते सांगा.

प्रश्न (दुबई): मुलांना मराठीतून सांगताना सॅकला मराठी शब्द कोणता वापरावा?

उत्तर: ‘सॅक’च. डोंगरात फिरणाऱ्या मराठी माणसांनी तो इतका रुळवला आहे की ‘सॅक भर’, ‘सॅक लाव’, ‘सॅका उतरवा’ हे मराठीच आहे. ‘पाठपिशवी’ सहज कळते, मुलांना सांगायला चांगली. जुन्या शब्दांत जवळचा पडशी, पण पडशी म्हणजे खांद्यावर टाकायची दोन कप्प्यांची पिशवी, एक कप्पा पोटाकडे आणि एक पाठीकडे. पट्टे नाहीत, दोन्हीकडचं वजन एकमेकांना तोलून धरतं. ती वेगळी वस्तू आहे आणि तिचं नाव तिलाच राहावं. शाळेचं दप्तरही पाठीवरच असतं, पण तो शब्द फारसी. त्याचा अर्थ वही, कागदपत्रं, आणि त्याही मागे ग्रीकमध्ये कमावलेलं कातडं. मुलांना ही साखळी जरूर सांगा, त्यांना आवडते.

प्रश्न (कोल्हापूर): नव्या सॅकला कमरेचा रुंद पट्टा आहे. मी तो बांधत नाही, अडचण वाटते. पण तासाभरात खांदे भरून येतात. पट्ट्याचा खरंच उपयोग असतो का? आमच्या काकांच्या कॅनव्हासच्या सॅकला तो नव्हताच.

उत्तर: तुमचे खांदे दुखतात ते पट्टा न बांधल्यामुळेच. सॅक नावाने पाठीची असली तरी आजच्या सॅकचं वजन कमरेच्या हाडांवर बसवायचं असतं. चांगल्या बसलेल्या मोठ्या सॅकमध्ये निम्म्याहून बरंच जास्त वजन कंबर घेते. खांद्याचे पट्टे ती मागे कलंडू नये म्हणून असतात.

हे कळायला माणसाला वेळ लागला. १९९१ मध्ये ऑस्ट्रिया-इटली सीमेवर ओट्झटाल आल्प्सच्या बर्फात सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या माणसाचं शव सापडलं, ओत्झी म्हणून ते प्रसिद्ध आहे. त्याच्याजवळ हेझल झाडाची वाकवलेली लांब काठी आणि लार्च झाडाच्या लाकडाच्या दोन अरुंद फळ्या होत्या. बऱ्याच अभ्यासकांच्या मते ती पाठीवरच्या ओझ्याची चौकट. १९०९ मध्ये नॉर्वेच्या ओले बर्गन यांनी पाठीच्या आकाराला वाकवलेल्या चौकटीच्या सॅकचं पेटंट घेतलं. ब्रिटिश सैनिक आजही मोठ्या सॅकला ‘बर्गन’ म्हणतात ते त्यांच्यावरून. १९५२ मध्ये कॅलिफोर्नियात डिक केल्टी यांनी ॲल्युमिनियमची बाहेरची चौकट आणि कमरेचा पट्टा असलेल्या सॅक विकायला सुरुवात केली आणि ओझं खांद्यावरून कमरेवर आलं. चौकट पिशवीच्या आत नेली ती ग्रेग लो यांनी, १९६७ मध्ये. बाहेरची चौकट सरळ वाटेवर उत्तम, पण कड्यावर चढताना अडते आणि शरीराबरोबर वळत नाही. आज दुकानात दिसणाऱ्या जवळजवळ सगळ्या सॅका आतल्या चौकटीच्या आहेत.

आता तुमची सॅक अशी लावून बघा. रिकामी लावून काही कळत नाही, आठ-दहा किलो भरा. सगळे पट्टे सैल करा. सॅक पाठीवर घ्या, किंचित पुढे वाका आणि ती थोडी वर उचलून कमरेचा पट्टा बांधा. पट्ट्याचा मधला भाग कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर यायला हवा. पोटावर नको, बेंबीच्या वर तर मुळीच नको. बहुतेकांचं इथेच चुकतं: पट्टा पोटावर बसतो, श्वास घेताना टोचतो आणि माणूस तो सोडून टाकतो. हाडावर बसला की घट्ट ओढा. मग खांद्याचे पट्टे ओढा, पण सॅक पाठीला टेकेपर्यंतच. आणखी ओढलेत तर कमरेवरचं वजन पुन्हा खांद्यावर येतं.

खांद्याच्या वर, पट्ट्यापासून सॅकच्या माथ्याकडे जाणारी एक छोटी पट्टी असते, लोड लिफ्टर. ती ओढली की सॅकचं डोकं पाठीकडे येतं. ही पट्टी खांद्यापासून साधारण ४५ अंशांत वर गेली पाहिजे. आडवी किंवा खाली जात असेल तर सॅक तुमच्या पाठीला लहान आहे. शेवटी छातीचा पट्टा, गळ्याच्या हाडाखाली तीन-चार बोटं. तो फक्त खांद्याचे पट्टे बाहेर घसरू नयेत म्हणून असतो, श्वास अडेल इतका आवळू नका. सगळं झालं की खांद्याचा पट्टा आणि खांदा यांच्यात तळहात सरकवून बघा. सहज गेला तर वजन कमरेवर आहे.

हे सगळं करूनही जमलं नाही तर पाठीचं माप चुकलं आहे. सॅक उंचीवरून घेऊ नका. सारख्या उंचीच्या दोन माणसांत एकाचे पाय लांब आणि दुसऱ्याचं धड लांब असू शकतं. मान पुढे झुकवली की मानेच्या बुडाशी जो ठळक मणका हाताला लागतो, तिथून टेप धरा. दोन्ही हात कमरेच्या हाडांवर, अंगठे मागे. अंगठ्यांना जोडणाऱ्या रेषेपर्यंत कण्यावरून टेप सोडा. हे मापन दुसऱ्याकडून करून घ्यावं लागतं. येईल तो आकडा सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवा आणि दुकानात उंचीऐवजी तोच सांगा. पाठीची लांबी बदलता येणाऱ्या सॅकही मिळतात. वाढत्या मुलांसाठी त्या बऱ्या.

तुमच्या काकांच्या सॅकला पट्टा नव्हता ते त्या काळाच्या मानाने ठीकच. पाच-सहा किलोपर्यंत खांदे पुरतात. एका दिवसाच्या लहान सॅकला आजही पातळ पट्टी असते, ती सॅक हलू नये एवढ्यापुरती.

प्रश्न (पुणे): एका रात्रीच्या मुक्कामासाठी किती लिटरची सॅक घ्यावी? दोन कंपन्यांच्या ५० लिटरच्या सॅका शेजारी ठेवल्या, एक दुसरीपेक्षा उघडच मोठी वाटली.

उत्तर: लिटर हे आतल्या जागेचं माप आहे. अमेरिकेतल्या एका प्रमाणित पद्धतीत सॅकमध्ये २० मिलिमीटर व्यासाच्या प्लॅस्टिकच्या गोळ्या भरतात आणि मग त्यांचं आकारमान मोजतात. पण सगळेच कारखाने तसं करत नाहीत आणि काही जण बाहेरचे जाळीचे कप्पेही धरतात. म्हणून पन्नासला पन्नास जुळत नाही. आकडा ढोबळ धरा आणि तुमची स्लीपिंग बॅग दुकानात बरोबर न्या. तळाच्या कप्प्यात ती बसते का, एवढं बघितलंत तरी अर्धी परीक्षा झाली.

एका दिवसाला २० ते ३० लिटर. राजगड-तोरणा किंवा हरिश्चंद्रगडासारख्या एका मुक्कामाला ४५ ते ५० पुष्कळ. हिमालयात आठ-दहा दिवस स्वतः सामान वाहणार असाल तर ६० ते ७०. गरजेपेक्षा मोठी घेऊ नका, कारण मोकळी जागा दिसली की माणूस ती भरतो. वजनाची मर्यादा मनात ठेवा: एका मुक्कामाच्या सॅकचं वजन शरीराच्या वजनाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त नसावं. साठ किलोच्या माणसाला बारा किलो म्हणजे कमाल. त्यात पाणीच तीन लिटर, म्हणजे तीन किलो.

लेबलवर २१०, ४२० असा ‘डिनिअर’चा आकडा दिसतो. ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डिनिअर. जितका जास्त तितका धागा जाड. हा शब्द एका जुन्या फ्रेंच नाण्याचा, आणि त्याचं मूळ असलेल्या लॅटिन नाण्यावरूनच आपला ‘दिनार’ आला. करवंदीच्या जाळीतून आणि खडकाला घासत जाणाऱ्या आपल्या वाटांना सॅकच्या तळाचं कापड ४२० च्या आसपास असावं. बाजूंना २१० चालतं.

प्रश्न (रत्नागिरी): दोन गोष्टी. पावसात रेनकव्हर घालूनही आतले कपडे भिजतात. आणि जुनी सॅक काढली तर आतून चिकट झाली आहे, आंबूस वासही येतो. टाकून द्यावी का?

उत्तर: रेनकव्हर पाठीकडची बाजू झाकत नाही. मानेवरून ओघळणारं पाणी पाठ आणि सॅक यांच्या फटीतून उतरतं आणि पाठीच्या गादीतून, शिवणींतून आत शिरतं. कव्हर घट्ट बसवून हे थांबत नाही. उलट त्याच्या तळाशी पाणी साचून सॅक त्यात बसते. वारा असेल तर कव्हर फुगतं, निघून दरीतही जातं. सह्याद्रीच्या पावसाला एकच खात्रीचा उपाय आहे: आतून जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी. सॅकपेक्षा दीड हात उंच घ्या, सगळं सामान तिच्यात भरा, हवा दाबून काढा, तोंडाला पीळ द्या आणि पीळ दुमडून रबराने बांधा. नुसती गाठ मारलीत तर ओल्या हातांनी सुटत नाही. कोरडे कपडे आणि स्लीपिंग बॅग यांना आणखी एकेक वेगळी पिशवी. कव्हर वरून जरूर घाला, पण चिखल आणि काट्यांसाठी.

भरतानाचा क्रमही महत्त्वाचा. तळाशी स्लीपिंग बॅग. त्याच्यावर, पाठीला अगदी चिकटून आणि पाठीच्या मध्यावर, सगळ्यात जड सामान: शिधा, भांडी, जादा पाणी. जड वस्तू बाहेरच्या अंगाला गेली की सॅक मागे ओढते आणि तुम्ही पुढे वाकून चालता. फार वर गेली तर खडकाळ टप्प्यावर तोल जातो. हलकं सामान बाहेरच्या बाजूला. रेनकोट, टॉर्च, प्रथमोपचार आणि खाऊ माथ्याच्या कप्प्यात. दोन बाटल्या असतील तर दोन बाजूंना एकेक, आणि दोन्हींतलं पाणी आळीपाळीने प्या. बाहेर मग, चपला, ओले मोजे लटकवू नका, ते झुडपात अडकतात. कॅरीमॅट बाहेर लावावीच लागली तर उभी लावा. आडवी लावलेली मॅट अरुंद घळीत दोन्ही बाजूंना अडते आणि माणसाला मागे ढकलते.

चिकटपणाचं कारण आतला पॉलियुरेथेनचा थर. पाणी आत येऊ नये म्हणून तो कापडाला आतून दिलेला असतो. दमट हवेतली वाफ हळूहळू त्याचे दुवे तोडते, मग थर आधी चिकट होतो, नंतर पापुद्रे सुटतात. कोकणात हे लवकर होतं, आणि ओली सॅक गुंडाळून माळ्यावर टाकली तर फारच लवकर. गेलेला थर परत येत नाही, पण कापड, शिवणी आणि पट्टे धड असतील तर सॅक टाकू नका. ती उलटी करा. कोमट पाणी, सौम्य साबण आणि खायचा सोडा घेऊन मऊ ब्रशने थर घासून काढा. निघत नसेल तर आधी एका कोपऱ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून बघा, रंग गेला नाही तर त्याने पुसा. हे काम उघड्या हवेत आणि आगीपासून लांब करा. नंतर सॅक सावलीत पूर्ण वाळवा. पाणी अडवायचं काम आता आतली प्लॅस्टिकची पिशवी करेल.

यापुढे सॅक वॉशिंग मशीनमध्ये घालू नका, त्यात थरही जातो आणि पट्टेही पिळवटतात. ट्रेकहून आलात की सगळे कप्पे रिकामे करून उलट्या सॅकला पंख्याखाली दोन दिवस टांगा. उन्हात ठेवू नका, नायलॉन उन्हाने कुजतं. माळ्यावर ठेवताना सगळ्या चेन उघड्या आणि पट्टे सैल ठेवा. एक जादा बकल पट्ट्याच्या रुंदीला जुळवून घेऊन माथ्याच्या कप्प्यात कायम ठेवा, कारण कमरेचं बकल फुटलं की सगळं वजन पुन्हा खांद्यावर येतं. सुई-दोऱ्याशिवाय बसवता येणारी, एका बाजूने फट असलेली बकलं मिळतात, तीच घ्या.